गावचे जुने दप्तर : जतन का आणि कसे?

पालघर जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यातील वांगणी हे गाव १९९२ साली साऱ्या महाराष्ट्राला माहीत झाले. त्या वर्षी ‘वावर-वांगणी’ हे जोडनाव वृत्तपत्रांत सातत्याने आले, ते तेथील बालमृत्यूंमुळे. हा भाग त्या वेळी ठाणे जिल्ह्यात होता. कुपोषण आणि आजार यांमुळे आदिवासी पाड्यांतील लहान मुले दगावत असल्याचे उघड झाले आणि राज्याच्या आरोग्य, पोषण व रोजगार यंत्रणांना त्याची दखल घ्यावी लागली. पुढे १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी या साऱ्या सेवांची सांगड घालणारी नवसंजीवनी योजना सुरू झाली.

या घटनेचा कागदपत्रांशी निकटचा संबंध आहे. मूल दगावले हे आईबापांना आणि पाड्याला ठाऊक असते. शासनाला मात्र ते नोंदवहीतूनच कळते. जन्माची नोंद नाही, मृत्यूचीही नाही, असे मूल शासकीय आकडेवारीत कधी आलेलेच नसते. डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अन्य स्वयंसेवी संस्थांच्या सहकार्याने केलेला ‘कोवळी पानगळ’ हा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यातील बालमृत्यूंची शासकीय नोंद प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ कमी होत असल्याचे त्यातून निदर्शनास आले. प्रामाणिकपणे नोंद करणे हे पहिले कर्तव्य होय. झालेली नोंद पुढील पिढ्यांच्या हाती सुस्थितीत पडेल अशी व्यवस्था करणे हे दुसरे. पहिल्या कर्तव्याविषयी बरेच बोलले जाते, दुसऱ्याविषयी क्वचितच. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या कर्तव्याचा विचार केला आहे.

एका गावाची कागदपत्रे कोठे असतात?

अभिलेखागार म्हटले की मोठी दगडी इमारत आणि तेथे बसून टिपणे काढणारे संशोधक डोळ्यांसमोर येतात. परंतु वांगणीसारख्या गावाचा लेखी इतिहास अशा एका इमारतीत नसतो. तो अनेक कपाटांत विखुरलेला असतो.

सात-बारा, आठ-अ आणि फेरफार नोंदवही हे गावनमुने तलाठ्याच्या, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या दप्तरात असतात. जमिनीचे जुने अभिलेख तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, तर मोजणीचे नकाशे व आकारबंद भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. खरेदीखते व गहाणखते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेली असतात. ग्रामपंचायतीकडे जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, घरपट्टी आकारणीची नोंदवही, ग्रामसभेची व मासिक सभांची इतिवृत्ते असतात. गाव नमुना क्रमांक १४ ही जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही लोकांच्या तोंडी ‘कोतवाल बुक’ या नावाने परिचित असून ती बहुधा तहसील कार्यालयात जमा झालेली असते. प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवही, अर्थात जनरल रजिस्टर, हा तर अनेक कुटुंबांच्या घराण्यातील पहिला लेखी उल्लेख असतो. आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी आणि वन विभाग यांची दप्तरे याशिवाय वेगळीच.

जव्हार-मोखाडा परिसराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान होते. चौदाव्या शतकात उदयास आलेले हे संस्थान १९४८ मध्ये तत्कालीन मुंबई प्रांतात विलीन झाले. त्यापूर्वीचा जव्हारचा कारभार संस्थानी पद्धतीने चाले. याउलट मोखाडा हा ब्रिटिश अमलातील ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्याचा पेटा होता. आज शेजारी असलेल्या या दोन तालुक्यांच्या जुन्या कागदपत्रांची कुळी त्यामुळे भिन्न आहे. पुढे १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यापूर्वीच्या जिल्हास्तरीय कागदाचा माग काढताना ठाण्याच्या कार्यालयांचाही विचार करावा लागतो. राज्य बदलते, जिल्हा बदलतो, कार्यालय नव्या इमारतीत जाते. अशा प्रत्येक स्थलांतरात काही गठ्ठे मागे राहतात, तर काही वाटेत सुटतात.

कागदावर उभे असलेले हक्क

‘इतकी जुनी रजिस्टरे ठेवून करावयाचे काय?’ असा प्रश्न कार्यालयांतून नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर इतिहास संशोधकाकडे मागण्याचे कारण नाही. ते त्याच कार्यालयाच्या दारात उभ्या असलेल्या अर्जदाराकडे आहे.

जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या जमातींची येथे मोठी वस्ती आहे. या समाजातील विद्यार्थ्याला व्यावसायिक अभ्यासक्रमात राखीव जागेवर प्रवेश घ्यावयाचा असेल, किंवा तरुणाला राखीव पदावर नोकरी मिळाली असेल, तर जमातीच्या दाखल्याबरोबर वैधता प्रमाणपत्र लागते. त्यासाठीची कार्यपद्धती महाराष्ट्राच्या २००० सालच्या अधिनियमाने ठरवून दिली आहे. अनुसूचित जमातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा असल्याने त्या तारखेपूर्वीच्या नोंदींना विशेष महत्त्व येते. राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांचे पुराव्यादाखल मूल्य अधिक असते, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये ‘आनंद विरुद्ध जमाती दावे तपासणी समिती’ या प्रकरणात नमूद केले आहे. आजोबांचे वा पणजोबांचे नाव आणि जमात दर्शविणारी शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ किंवा कोतवाल बुकातील एक नोंद नातवाचे शिक्षण तारून नेऊ शकते. तीच ओळ वाळवीने खाल्ली, तर ते कुटुंब पुरावा आणणार कोठून?

वनहक्कांचेही तसेच आहे. २००६ चा वनहक्क अधिनियम आणि २००८ चे नियम यांनुसार दाव्याच्या पुष्ट्यर्थ ग्रामसभेपुढे एकाहून अधिक पुरावे ठेवावे लागतात. नियमांत कोणते पुरावे ग्राह्य धरले आहेत, ते पाहण्यासारखे आहे. गॅझेटियर, जनगणना, भूमापन व जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वन विभागाच्या कार्ययोजना, न्यायालयीन अभिलेख यांच्याबरोबरच पूर्वीच्या संस्थानांनी दिलेले हक्क, सवलती वा विशेषाधिकार दर्शविणारे अभिलेखही त्यात समाविष्ट आहेत. जव्हारसारख्या जुन्या संस्थानी मुलखात ही तरतूद फार मोलाची होय. पण संस्थानकालीन कागद शिल्लक असेल आणि तो सापडेल, तरच तिचा उपयोग.

जुन्या कागदाला न्यायालयात आणखी एक बळ असते. तीस वर्षांहून जुना दस्तऐवज योग्य ताब्यातून सादर झाल्यास त्यावरील सही व हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. १८७२ च्या भारतीय पुरावा अधिनियमातील हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे. यातील ‘योग्य ताबा’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नोंदवही जेथे असावयास हवी तेथेच असणे, ती कोणाच्या प्रभारात आहे याची यादी असणे आणि ती बाहेर गेल्यास तशी नोंद असणे, या गोष्टींमुळे कागदाची विश्वासार्हता टिकते. कोणाच्या तरी घरी पडून राहिलेले रजिस्टर खरे असले तरी ते शंकेस पात्र ठरते.

२०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कामानिमित्त राज्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा तहसील कार्यालयांपासून शाळांपर्यंत वर्षानुवर्षे बंद असलेली दप्तरे उघडावी लागली. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. जुन्या नोंदीची गरज केव्हा आणि कोणाला पडेल हे आधी सांगता येत नाही, हाच त्यातील बोध आहे.

राज्याची परंपरा आणि स्थानिक जबाबदारी

कागदपत्रांच्या जतनाची महाराष्ट्राला मोठी परंपरा आहे. मुंबईचे अभिलेख कार्यालय १८२१ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या अभिलेखागारातील पेशवे दफ्तरात हजारो रुमाल असून त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून वाड्यांतून व माळ्यांवरून कागद गोळा केले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये स्थापन झाले.

तथापि राज्याचे पुराभिलेख संचालनालय प्रत्येक गावचे रजिस्टर सांभाळू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. जन्म-मृत्यूची नोंदवही ग्रामपंचायतीत आणि जनरल रजिस्टर शाळेतच राहावयाचे असते. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले सर्व अभिलेख सूचीबद्ध व अनुक्रमित स्वरूपात ठेवण्याचे बंधन घातले आहे. या व्याख्येत ग्रामपंचायतही येते. म्हणजे जतन हे हौसेचे काम नसून कायद्याने सोपविलेले काम आहे.

कागद का नष्ट होतो?

उपाय योजण्यापूर्वी कारणे समजून घेणे इष्ट ठरेल. कागदाचे शत्रू पाच : त्याच्या अंगचे आम्ल, दमट हवा, कीड, आग आणि माणसाची हयगय.

जुन्नर, दौलताबाद येथे पूर्वी चिंध्या व ताग कुटून हातकागद तयार होई. त्यावर काजळीच्या शाईने लिहिलेले मजकूर दोन-दोनशे वर्षांनंतरही स्पष्ट वाचता येतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा यंत्रनिर्मित कागद आला. त्याला खळ देताना तुरटीचा वापर होई. त्यामुळे कागदात आम्ल राहते, तो पिवळा पडतो आणि पुढे पापडासारखा तुटू लागतो. विसाव्या शतकातील अनेक सरकारी रजिस्टरे याच कागदाची आहेत. म्हणून १८५० चा रुमाल धडधाकट आणि १९४० चे रजिस्टर मोडकळीस आलेले, असे उलटे दृश्य अनेकदा दिसते. वयावरून कागदाच्या प्रकृतीचा अंदाज बांधणे बरोबर नाही.

अभिलेखांसाठी २२ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४५ ते ५५ टक्के सापेक्ष आर्द्रता योग्य मानली जाते. जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ भागात पावसाळ्याचे चार महिने हवेतील ओल याहून किती तरी अधिक असते. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरू लागते. शाई फुटते, पाने एकमेकांस चिकटतात. ओलीबरोबर कसर, झुरळे आणि वाळवीही येतात. कसरीला पुठ्ठ्याची खळ आवडते, तर वाळवी भिंतीतून वा जमिनीतून चढून गठ्ठा आतून पोखरते. बाहेरून बांधलेला गठ्ठा जसाच्या तसा दिसतो आणि सोडल्यावर हाती माती लागते.

आगीचे उदाहरण दूरचे नाही. २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत असंख्य संचिका भस्मसात झाल्या. पुराचेही तसेच. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरास २००५ आणि २०२१ या दोन्ही वर्षांच्या पुराचा फटका बसला. राजधानीतील कार्यालय आणि दीडशे वर्षांची ग्रंथसंस्था यांवर जे संकट येऊ शकते, ते गावच्या कपाटावर येणार नाही असे कोणीही म्हणू नये.

कमी खर्चाचे परिणामकारक उपाय

वातानुकूलित दालन आणि रासायनिक प्रयोगशाळा प्रत्येक ग्रामपंचायतीत होणे नाही. सुदैवाने त्यांची गरजही नाही. बहुतेक नुकसान साध्या दक्षतेने टाळता येते. पुढील गोष्टी कोणत्याही कार्यालयास शक्य आहेत.

१. जागा : दप्तर गळक्या छपराखाली, न्हाणीघराच्या वा पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लागून ठेवू नये. कपाट अथवा मांडणी जमिनीपासून व भिंतीपासून सुमारे १५ सेंटिमीटर अंतरावर असावी, म्हणजे हवा खेळती राहते आणि वाळवीची वाट चटकन दिसते. शक्यतो लोखंडी मांडणी वापरावी. खिडकीतून येणारे ऊन थेट कागदावर पडू देऊ नये.

२. बांधणी : गठ्ठा सुती कापडात बांधावा. नवे कापड आधी धुऊन त्याची खळ काढून टाकावी, कारण खळ किडीला आमंत्रण देते. रंग सुटणारे कापड टाळावे. वर-खाली पुठ्ठा ठेवून रुंद फीत बांधावी. सुतळी आवळून बांधल्यास पानांच्या कडा कापल्या जातात. प्लास्टिकच्या पिशवीत गठ्ठा घट्ट बंद करू नये, त्यात ओल कोंडते. टाचण्या व लोखंडी क्लिपा गंजतात, म्हणून त्या काढून टाकाव्यात.

३. चिठ्ठी : प्रत्येक गठ्ठ्यावर गाव, तालुका, जिल्हा, नोंदवहीचे नाव, वर्षे आणि गठ्ठा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असावी. केवळ ‘वांगणी’ एवढे लिहून भागत नाही, कारण मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर, ठाणे जिल्ह्याच्या अंबरनाथ तालुक्यातही वांगणी आहे. एके काळी ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यात होती. म्हणून ‘वांगणी, तालुका जव्हार, जिल्हा पालघर (पूर्वीचा ठाणे)’ असे पूर्ण लिहावे.

४. यादी : सर्व गठ्ठ्यांची यादी तीन प्रतींत करावी. एक प्रत कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस, दुसरी कार्यालय प्रमुखाकडे आणि तिसरी वरिष्ठ कार्यालयात ठेवावी. ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी), मुख्याध्यापक वा ग्राम महसूल अधिकारी बदलून गेल्यास याच यादीवरून प्रभार द्यावा व घ्यावा. ‘जुने रेकॉर्ड, एक पेटी’ अशी नोंद म्हणजे प्रभार नव्हे.

५. देवघेव : मूळ नोंदवही कार्यालयाबाहेर जाऊ देऊ नये. न्यायालय वा वरिष्ठ कार्यालयाच्या आदेशाने द्यावी लागल्यास तारीख, पृष्ठसंख्या आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. गठ्ठ्याच्या रिकाम्या जागी तशी चिठ्ठी ठेवावी. अर्जदारास नक्कल द्यावी, नोंदवही हाताळावयास देऊ नये.

६. तपासणी : मे महिन्यात छप्पर, पन्हळी व भिंती तपासाव्यात. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी निदान काही गठ्ठे सोडून पाहावेत. दसऱ्यानंतर कोरड्या हवेत सर्व दप्तर मऊ ब्रशाने वा स्वच्छ फडक्याने झाडावे. कडुनिंबाचा पाला व वेखंड यांचा पूर्वापार उपयोग केला जातो, पण पाला पूर्ण वाळलेला असावा. ओला पाला किडीहून अधिक अपाय करतो.

७. आग : अभिलेख असलेल्या खोलीत उदबत्ती, शेगडी किंवा धूम्रपान यांस मज्जाव असावा. कार्यालय बंद करताना मुख्य विद्युत कळ बंद करावी. अग्निशामक नळकांडे मुदतीत भरलेले असावे आणि ते कसे वापरावे हे शिपायापासून सर्वांना ठाऊक असावे.

दुरुस्तीच्या नावाखाली होणारे नुकसान

चांगल्या हेतूने केलेले काही उपाय कागदाच्या मुळावर येतात. फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावणे हा त्यांतील सर्वांत प्रचलित. काही वर्षांत तिचा डिंक तपकिरी होऊन अक्षरांवर उतरतो आणि पट्टी सुकून निघून येते, डाग मात्र राहतो. यंत्राच्या साहाय्याने प्लास्टिकचे कायमचे आवरण घालणेही तितकेच घातक आहे, कारण ते पुन्हा काढता येत नाही. जी दुरुस्ती उलटवता येते तीच करावी, हा जतनशास्त्राचा पहिला नियम होय. जाणकार हातांनी गव्हाच्या सत्त्वाची खळ आणि पातळ जपानी कागद वापरून केलेली दुरुस्ती या कसोटीस उतरते. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात विकसित झालेली, उष्णतेऐवजी ॲसिटोनचा वापर करणारी पद्धतही प्रसिद्ध आहे. पण ही कामे प्रशिक्षितांनीच करावयाची. गावपातळीवर फाटके पान स्वच्छ कागदाच्या घडीत सुरक्षित ठेवणे एवढेच पुरे.

कागद उन्हात वाळत घालू नये. उन्हाने शाई उडते आणि कागद ठिसूळ होतो. कीटकनाशकाची पूड वा फवारा थेट कागदावर मारू नये. त्याने कागदावर डाग पडतात आणि ते हाताळणाऱ्याच्या प्रकृतीसही अपाय होतो. अंधूक झालेली अक्षरे पेनाने गिरवणे हा तर गंभीर प्रकार आहे. गिरवलेली नोंद उद्या खाडाखोड म्हणून नाकारली जाऊ शकते आणि हक्काचा पुरावा संशयाचा होतो.

पुराने वा गळतीने दप्तर भिजल्यास त्वरा महत्त्वाची. साधारणपणे ४८ तासांत बुरशी धरू लागते. ओले रजिस्टर बळाने उघडू नये. ते सपाट फळीवर ठेवून पंख्याच्या वाऱ्यात, सावलीत वाळवावे. पानांमध्ये शाई न लागलेले कोरे टीपकागद घालून ते वारंवार बदलावेत. चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. पुराभिलेख संचालनालयाच्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

काय ठेवावे, काय नष्ट करावे?

प्रत्येक कागद कायम ठेवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. शासकीय कार्यपद्धतीत अभिलेखांचे वर्ग ठरलेले आहेत. ‘अ’ वर्गाचे कागद कायम, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षे, ‘क’ वर्गाचे त्याहून कमी मुदत आणि ‘ड’ वर्गाचे अल्पकाळ ठेवावयाचे असतात. अडचण वर्गवारीत नसून तिच्या आळसात आहे. वर्गवारी वेळेवर न झाल्याने निरुपयोगी कागदांचे ढीग साचतात. मग एखादे दिवशी ‘साफसफाई’ होते आणि त्या ढिगाबरोबर कायम ठेवण्याच्या नोंदवह्याही रद्दीत जातात. मोडीतील बाड तर कोणाला वाचताच येत नसल्याने सर्वांत आधी बाहेर पडते.

म्हणून एक नियम काटेकोरपणे पाळावा. जे वाचता येत नाही, ते नष्ट करू नये. जन्म-मृत्यू, शाळाप्रवेश, जमीन, वन, ग्रामसभेचे ठराव आणि संस्थानकालीन कोणताही कागद लेखी यादी व सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी यांशिवाय जागेवरून हलवू नये. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ याचाही हाच आशय आहे. केंद्राच्या १९९३ च्या अधिनियमाने तर १८९२ पूर्वीचा अभिलेख, तो पूर्णपणे विद्रूप झालेला नसेल तर, नष्ट करण्यास मनाई केली आहे. मोडी लिपीचे प्रशिक्षण पुराभिलेख संचालनालयामार्फत दिले जाते. प्रत्येक तालुक्यात दोन-तीन शिक्षकांनी ते घेतले, तरी त्या तालुक्याचे दप्तर बोलू लागेल.

संगणकीय प्रत : साहाय्य, पर्याय नव्हे

सात-बारा, फेरफार यांसारख्या जुन्या अभिलेखांच्या संगणकीय प्रती ‘आपले अभिलेख’ या सेवेद्वारे अनेक जिल्ह्यांत उपलब्ध झाल्या आहेत. त्यामुळे मूळ कागदाची हाताळणी कमी होते आणि अर्जदाराची पायपीटही वाचते. ही प्रगती स्वागतार्ह आहे. परंतु प्रत घेतली म्हणून मूळ रजिस्टर टाकून द्यावे, हा समज अत्यंत चुकीचा होय. नोंदीविषयी वाद झाल्यास शाई, हस्ताक्षर, पानांचा क्रम यांची तपासणी मूळ कागदावरच होते. प्रत अस्पष्ट निघाली असेल, एखादे पान सुटले असेल, तर त्याची दुरुस्तीही मूळ कागदावरूनच करावी लागते. शिवाय संगणकीय प्रत ज्या साधनावर ठेवली आहे, ते साधन कागदाहून अल्पायुषी असते. म्हणून प्रती किमान दोन ठिकाणी ठेवाव्यात, प्रत्येक फाइलला गठ्ठ्याच्या चिठ्ठीवरील क्रमांकच द्यावा आणि मूळ नोंदवही पूर्ववत बांधून जागेवर ठेवावी. यादी नसलेल्या दप्तराच्या प्रती काढणे म्हणजे गोंधळाचीच प्रत काढणे होय. आधी यादी, मग प्रत, हा क्रम सोडू नये.

कोणी काय करावे?

या कामी तिघांचा वाटा आहे. अधिकाऱ्यांनी दप्तर तपासणीच्या वेळी चालू कामकाजाबरोबर जुन्या नोंदवह्यांची स्थितीही पाहावी आणि शेऱ्यात ती नमूद करावी. शिक्षकांनी शाळेच्या पहिल्या जनरल रजिस्टरापासूनची सर्व रजिस्टरे एकत्र करून त्यांची यादी करावी. गळणाऱ्या वर्गखोलीतील पेटीत ती राहू देऊ नयेत. ग्रामपंचायत सदस्यांनी वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्याच्या सभेत, दप्तराची यादी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. आपल्या गावाचे कोणते कागद आहेत, कोणत्या सालापासूनचे आहेत आणि कोणते गहाळ आहेत, हे गावाला कळले की त्यावर गावाचीच नजर राहते. एका कपाटाच्या, थोड्या कापडाच्या आणि दोन दिवसांच्या श्रमांच्या खर्चास ग्रामपंचायतीने मंजुरी देणे कठीण नाही.

जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांत अनेक कुटुंबांजवळ जुने दस्त नाहीत, घराण्याच्या वंशावळी लिहिलेल्या नाहीत. ज्यांच्याकडे वाडा असतो, त्यांचे कागद वाड्यात टिकतात. ज्यांच्याकडे कुडाची झोपडी आहे, त्यांचे कागद शासनाच्याच कपाटात असतात. ते कपाट कोरडे, यादीबद्ध आणि कुलूपबंद ठेवणे ही या कुटुंबांची प्रत्यक्ष सेवा होय. १९९२ साली ज्या गावाच्या वेदनेची नोंद साऱ्या राज्याने घेतली, त्या गावाच्या व त्याच्यासारख्या प्रत्येक गावाच्या जन्मांच्या, मृत्यूंच्या, जमिनीच्या आणि शाळेच्या नोंदी पुढील पिढीला वाचता आल्या पाहिजेत. त्यासाठी येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक कार्यालयाने आपले कपाट एकदा उघडावे आणि आत काय आहे, ते लिहून काढावे.